रक्तात निघालेला द्राक्षाचा घड

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

सातपूर कॉलनी, नाशिक
मंगळवार, ता. ११ ऑगस्ट १९९८ (अंगारकी)

ती. सौ. वन्संबाई यांसी,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे मथुरेचा, पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मी सांगितला होता तो निर्गुडीचा पाला बांधलात, की सूनबाईंनी पुन्हा दुकानातले मलमच आणले? पिंपळगावला द्राक्षबागेवर भुरीचा रोग वगैरे नाही ना? माहेरपणाला आलेल्या चि. तृप्तीला आशीर्वाद, आणि तिला म्हणावे डोहाळे लागले म्हणून रोज भेळ खायची नसते. तुम्ही पोस्टाने पाठवलेली राखी वेळेवर पोचली. ती तुमच्या बंधूंच्या उजव्या मनगटावर बांधली. डाव्या हातावर सुयांनी जागा ठेवलेली नाही.

यापुढे 'इकडील सर्व क्षेम' असे लिहायची रीत आहे. पण आज अंगारकी आहे आणि मी उपासाच्या दिवशी खोटे लिहीत नाही. इकडील क्षेम नाही. तुमचे बंधू आत्ता घाम येऊन झोपले आहेत, चंद्रोदयाला अजून दोन तास आहेत, माझ्या पोटात सकाळपासून एक कप चहा आणि मूठभर शेंगदाणे आहेत, आणि तरी माझे अंग जे तापले आहे ते उपासाने नव्हे, संतापाने. हा संताप मी कोणाजवळ बोलू? ह्यांच्याजवळ बोलले तर हे हसतात (ताप असताना माणसाने हसू नये असे मला वाटते), म्हणून तुम्हांला लिहिते. पत्र लांबेल. चष्मा लावून, एका जागी बसून वाचावे.

तुम्ही गेल्या सोमवारी (ता. ३) भावाला बघायला आलात तेव्हा हुडहुडी भरून हे तीन गोधड्यांखाली होते, ते तुम्ही पाहिलेच. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी हिवतापासाठी बोटातल्या रक्ताची काच करून घेतली, ती स्वच्छ निघाली. टायफॉइडची तपासणी केली, तीही स्वच्छ. मग त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढेचनात. ह्यांना लहानपणी सांधे धरून ताप आला होता आणि तेव्हापासून हृदयाची एक झडप जरा कमजोर आहे, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डॉक्टर म्हणाले, ताप पंधरा दिवस हटत नाही, कदाचित रक्तात जंतू शिरून त्या झडपेवर बसला असेल. रक्ताचे कल्चर करू. तसे निघाले तर सहा आठवडे दवाखान्यात निजून शिरेतून इंजेक्शने, आणि एवढे करून झडप खराब झालीच तर मुंबईला नेऊन छाती उघडायची. वन्सं, हे ऐकून मी तिथेच गजाननाला हात जोडले. तुमच्या बंधूंनी काय विचारले असेल? की सहा आठवडे कंपनीत स्टोअरची किल्ली कोणाकडे राहणार.

(येथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मला लागली आहे. तुम्हांला माझी वही माहीत आहे. पुढून किराणा-दूध, मागून घरातली आजारपणे. ह्यांचा ताप मी पहिल्या दिवसापासून तीन तीन तासांनी मोजून, वेळ घालून लिहिला आहे. जुनी मॅट्रिक असले तरी आकडे मला तीन चुकून पाच दिसत नाहीत. डॉक्टरांनी विचारले, ताप रोज येतो का? ह्यांनी सांगितले, रोजच. ह्यांना निजून राहिले की ताप आहे असेच वाटते. मी वही पुढे केली तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या मावशी, पेशंट सांगतायत ना." मी वही मिटली. मॅट्रिकच्या परीक्षेत गणितात पहिली आलेल्या बाईची वही!)

तर गुरुवारी सकाळी सात वाजता गंगापूर रोडच्या लॅबमधून केरू नावाचा इसम घरी रक्त न्यायला आला. पेठच्या डोंगरातला, पंचेचाळिशीचा, मिशीवाला. वीस वर्षे हेच काम करतो म्हणे. आल्या आल्या चपला बाहेर काढल्या, एवढे बरे केले. पण बोलण्याची रीत अशी की मला पहिल्या वाक्यापासून 'तू'. मी त्याला 'अहो' म्हणते आणि हा मला म्हणतो, "बाय, तू जरा उजेडातून सरक." माझ्या घरात मी उजेडातून सरकले. त्याने दंडाला रबर बांधले, बोटाने शीर चाचपली, मग काहीतरी तपकिरी औषध गोल गोल फिरवून लावले आणि कल्चरच्या दोन बाटल्या उघडायला पाठ फिरवली. बाटल्यांत तपकिरी पाणी, म्हणजे जंतूंचे जेवण. त्यात रक्त सोडायचे आणि उबेला ठेवायचे. जंतू असला की तो जेवून वाढतो आणि पाणी गढूळ होते. हे ऐकून मी म्हटले, म्हणजे विरजणच की. केरू म्हणाला, हां बाय, विरजणच. तेवढ्यापुरता मला तो माणूस समजूतदार वाटला. (तुम्ही निक्षून सांगितल्याप्रमाणे भैरोबाचा अंगारा मी टोचायच्या जागी लावलाच, त्यात कुचराई केली नाही.) पण मी हात मागे घेते न घेते तोच हा वळला आणि माझ्यावर डोळे काढून म्हणाला, "बाय, आता तठं हात नको लावू." पुन्हा 'नको लावू'! 'लावू नका' म्हणायला जीभ झिजते का? मी म्हटले, मी लावत नाही. त्याने सुई घातली आणि ह्यांनी देवाचे नाव घेण्याऐवजी पंख्याकडे बघत म्हटले, "केरूभाऊ, थोडं ठेवा हं आत."

शनिवारी निरोप आला, बाटलीत निघाले. मी तशीच शहर बसने गंगापूर रोडला गेले. लॅब एका साडीच्या दुकानावर आहे, वर डॉक्टर स्नेहलबाई बसतात. मला वाटले होते कोणी पांढऱ्या केसांची बाई असेल. ही तर एवढीशी पोर, आपल्या तृप्तीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. पण नजर धारदार. म्हणाली, मावशी, दोन बाटल्यांपैकी एकीत वाढ आहे, या, दाखवते. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वन्सं, काय सांगू! जांभळ्या ठिपक्यांचे घड. एकाला एक चिकटून, देठ नसलेले, हुबेहूब द्राक्षांचे घड. बाई म्हणाली, ह्या जंतूचे नावच द्राक्षाच्या घडावरून पडलेले आहे. नाशिकच्या माणसाने द्राक्षे विकावीत, खावीत, परदेशी पाठवावीत. त्याच्या रक्तात घड लागण्याचे काय कारण? तुमच्या पाच एकर बागेत औषधे मारून मारूनसुद्धा एखादा वेल रुसतो, आणि इथे एका रात्रीत बिनपाण्याची बाग!

बाई म्हणाली, घाबरू नका, ह्या घराण्यात भाऊ भाऊ पुष्कळ आहेत. एक अतिशय दुष्ट, त्याच्या वाढीला सोन्यासारखा पिवळा रंग असतो. दुसरे पांढरे, गरीब, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जन्मभर राहतात आणि काही करत नाहीत. तुमच्याकडचा कोणता, ते ओळखायला सोमवार उजाडेल. आता मला सांगा, वन्सं, घरात कोणी शिरले तर कोण आहे ते ओळखायला कोणी दोन दिवस लावते का? शनिवार-रविवार मी देवापुढून उठले नाही. हे म्हणाले, "अगं, त्या जंतूचं नाव तरी कळू दे, मग शाप दे."

सोमवारी पुन्हा गेले. बाईने ओळखायची रीत समजावून सांगितली, आणि ती ऐकून माझा धर्म बुडायचा बाकी राहिला. नळीत सशाच्या रक्तातले पाणी घ्यायचे. सशाच्या! श्रावण महिना चालू, मी कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य केलेली, आणि माझ्या नवऱ्याच्या रक्तातला जंतू सशाच्या रक्तात. त्यात जंतू टाकून नळी उबेला ठेवायची. दुष्ट भाऊ असला तर ते पाणी गोठते. गरीब भाऊ असला तर पाण्याचे पाणीच. आमची नळी बाईने वाकडी करून दाखवली. पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी तीस वर्षे दही लावते, मी काय तेवढ्यावर फसते? मी म्हटले, विरजण कमी पडले असेल, नाहीतर ऊब कमी असेल. त्यावर तिने शेजारची नळी उचलली. तीत म्हणे ठाऊक असलेला दुष्ट जंतू मुद्दाम घातला होता, तीच ऊब, तोच ससा. ती नळी उलटी केली तरी आतले हलेना. घट्ट, कवडीसारखे. पोर असली तरी तिचा हात कोणी धरणार नाही.

म्हणजे दुष्ट नव्हे. मी हात जोडले. पण तेवढ्यात बाई म्हणाली, थांबा, हा गरीब दिसतो पण संधिसाधू आहे. अंगात कुठे कमजोर जागा सापडली, एखादी झडप वगैरे, तर हाही तिथे बिऱ्हाड करतो. (आठवा ते तुमच्या सासरचे चुलत दीर, खंडेराव. एरवी दिसत नाहीत, पण घरात कोणी आजारी पडले की गादीसकट हजर.) म्हणून रक्त पुन्हा तीनदा घ्यायचे. एकदा दिसला तर वाटेवरचा, पुन्हा पुन्हा तोच दिसला तर घरात घुसलेला. मग सहा आठवडे चुकत नाहीत.

मी विचारले, वाटेवरचा म्हणजे कुठून आला? बाई म्हणाली, कातडीवरून. पेशंटच्या, रक्त घेणाऱ्याच्या, किंवा जवळ असणाऱ्या कोणाच्या. मी म्हटले, आमच्या घरात अंघोळ केल्याशिवाय कोणी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. मी स्वतः रोज नळाची तोटीसुद्धा घासते. ती म्हणाली, अंघोळीनंतरही असतो. मी म्हटले, पूजा करतानासुद्धा? ती म्हणाली, पूजा करतानासुद्धा. वन्सं, माझ्या सासूबाईंनी मला एवढे बोलून घेतले, पण अंगावर किडे आहेत असे कधी म्हटले नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे तो केरू उभा राहिला, शीर चाचपणारे त्याचे ते बोट उभे राहिले, आणि मला सर्व उलगडले. मी तिथेच बाकावर बसून लॅबच्याच कागदावर लेखी तक्रार दिली की आपल्या माणसाने औषध लावलेल्या जागेला बोट लावून माझ्या यजमानांच्या बाटलीत स्वतःचा जंतू घातला, तरी त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी, आणि बोलण्याची रीतही शिकवावी. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. बाईने वाचली आणि केरूला म्हणाली, ह्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही घरोघरी जाऊ नका. केरूने नुसती माझ्याकडे बघून मान हलवली. अपराधी माणूस असाच गप्प बसतो.

आणि आज सकाळचा अपमान तर ऐकाच. रक्त घ्यायला बाई स्वतः आली, सात, आठ आणि नऊ वाजता, तीन वेळा. दर वेळी मला म्हणाली, मावशी, तुम्ही बाहेर थांबा. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या खोलीतून, मी बाहेर! मी दाराच्या फटीतून पाहिले. हातमोजे घातले, तेच तपकिरी औषध तीनतीनदा लावले आणि वाळेपर्यंत दोन मिनिटे तशीच उभी. कोणाला बोलू देईना. अंगारा लावायची संधीच मिळाली नाही. मी दाराबाहेरून तसे म्हटले तर आतून तिचा आवाज, "नंतर लावा." टोचून झाल्यावर देवाचे नाव घेऊन काय उपयोग? शेवटी मी चौकटीला अंगारा लावला. सहा बाटल्या भरून गेल्या, सहाही देवाच्या संरक्षणावाचून. पाच दिवस थांबायचे आहे. आता काय निघायचे ते निघो.

पण मी केरूला सोडणार नाही. गुरुवारचे सर्व काही मी वहीत मिनिटामिनिटाने लिहिलेले आहे. उघडून बघायचीसुद्धा मला गरज नाही. उद्या वही घेऊन जाते आणि डॉक्टरबाईपुढे ठेवते, म्हणजे कोणाचे बोट कुठे होते ते जगाला कळेल. आपल्यासारख्यांनी गप्प बसायचे म्हणून हे लोक शेफारतात.

तिकडे सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद सांगावेत. म्हशीच्या पायाचे काय झाले ते कळवावे. पत्र पोचताच भावासाठी एक माळ ओढावी, ही विनंती.

तुमची,
मथुरा

ता. क. (बुधवार). पत्र टपालात पडले नाही, कारण मी आधी लॅबमध्ये गेले. तिथे जे झाले ते लिहायला हात उचलत नाही, पण वरचे सगळे लिहून झालेले आहे आणि चार पाने फाडून टाकणे माझ्या स्वभावात नाही.

मी वही टेबलावर ठेवली. केरू कोपऱ्यात काचा धूत होता. मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. 'सहा ऑगस्ट, गुरुवार. ७ वाजून ८ मि., केरूने बोटाने शीर चाचपली. ७ वाजून ९ मि., तपकिरी औषध लावले.' बाई म्हणाली, म्हणजे बोट आधी, औषध नंतर. बरोबर आहे मग. मी म्हटले, पुढे ऐका. 'केरूने पाठ फिरवली. ७ वाजून ११ मि., मी भैरोबाचा अंगारा उजव्या हाताच्या अनामिकेने टोचायच्या जागी लावला, वन्संच्या सांगण्याप्रमाणे. जास्त झालेला...' येथे मी थांबले, वन्सं. खोकला आला असे दाखवले. बाईने वही हळूच आपल्याकडे फिरवली आणि उरलेली ओळ स्वतः वाचली. 'जास्त झालेला अंगारा फुंकर मारून उडवला, कारण केरूच्या कपड्यांवर पडू नये. ७ वाजून १२ मि., सुई.'

काचा धुण्याचा आवाज थांबला. मग कोपऱ्यातून केरू म्हणाला, "म्या तं म्हनलं व्हतं, बाय, हात नको लावू." आणि पुन्हा काचा धुवायला लागला. ओरडला असता तर मला बरे वाटले असते.

मी वही ओढून घ्यायला गेले तर बाईने सोडलीच नाही. ती मागची पाने उलटत होती. ह्यांच्या तापाची. तिचे बोट आकड्यांवरून चालले होते आणि ओठ हलत होते. मला म्हणाली, मावशी, हे सगळं तुम्ही लिहिलंय? एकतीस जुलै, दिवसभर ताप नाही. एक ऑगस्ट, दुपारी तीनला हुडहुडी, एकशे चार. दोन तारखेला नाही. तीन तारखेला पुन्हा दुपारी तीनला. चारला नाही. (वन्सं, चार तारखेला म्हणजेच ती हिवतापाची काच घेतली होती.) हा ताप रोजचा नाही, एक दिवसाआडचा आहे, आणि बरोबर तीनच्या ठोक्याला. ही हिवतापाची चाल, आणि ताप नसलेल्या दिवशी काच घेतली तर तो निसटू शकतो. ही वही कोणी पाहिली नाही का? मी म्हटले, दाखवली होती. राहू द्या म्हणाले.

बाईने केरूला हाक मारली. केरू हात पुसत आला, वहीकडे बघून म्हणाला, "उद्या तीनला येईल मंग. म्या जातो." बाई माझ्याकडे पाहू लागली. तक्रारीचा कागद तिच्या टेबलावर माझ्या सहीसकट पडलेला होता. मी तो उचलला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. मागे घेते असे तोंडाने म्हटले नाही, पण त्यांनी समजून घेतले असावे.

ता. क. दुसरे (शुक्रवार). काल दुपारी पावणेतीनला केरूभाऊ आले. चपला बाहेर काढल्या. तीनला पाच मिनिटे कमी असताना तुमच्या बंधूंचे दात वाजायला लागले. केरूभाऊंनी बोट टोचायची सुई काढली, औषधाचा बोळा काढला, आणि मग थांबून, अगदी गंभीर तोंडाने मला विचारले, "बाय, अंगारा लावायचा का आधी?" हे थंडीने कुडकुडत होते तरी हसले. मी अंगारा आणला आणि लांबून, हात शक्य तितका वर धरून, फक्त कपाळाला लावला. तर त्या माणसाने आपलेही कपाळ पुढे केले. "मला पन लाव. तुझ्या कागदापायी तीन दिस काचाच धुतो." मी लावला. दुसरे काय करणार? आणि वन्सं, ह्या वेळी मला ते 'तू' काही टोचले नाही. पेठकडे आईलासुद्धा तूच म्हणतात म्हणे.

संध्याकाळी सहाला केरूभाऊ स्वतः सायकलवर सांगायला आले. काचेत हिवताप निघाला. त्यांनीच पहिल्यांदा पाहिला, मग बाईला दाखवला. गोळ्या सुरू केल्या आहेत.

ता. क. तिसरे (रविवार, १६). काल पंधरा ऑगस्टची टपालाची सुट्टी, आज रविवार, म्हणून पत्र घरातच आहे. पण त्यामुळे ही ओळ लिहायला मिळाली. सहाही बाटल्या पाच दिवस स्वच्छ राहिल्या. घड नाही, दाणासुद्धा नाही. रक्तात तो घडाचा जंतू कधी नव्हताच, होता तो माझ्या बोटावरचा (किंवा फुंकरीतला, बाई म्हणाली दोन्ही शक्य आहे). झडप जशी होती तशी आहे. काल तीन वाजले आणि ताप आला नाही. मी घड्याळापुढे बसून होते. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. मग आत जाऊन पदराने तोंड पुसले आणि ह्यांना सोमवारपासून कामावर जायचे नाही म्हणून रागावले. उद्या शेवटचा श्रावणी सोमवार. केरूभाऊंना संध्याकाळी उपास सोडायला आमच्याकडे बोलावले आहे.

ता. क. शेवटचे, आणि हेच कामाचे. अंगारा संपला. कपाळे वाढली. डॉक्टरबाईंनीसुद्धा चिमूटभर मागून घेतला (लावला की तपासायला ठेवला, ते विचारले नाही). तरी गुरवाकडून घेऊन एक पुडी लगेच पाठवावी.

दुसरे असे की तुमचे बंधू आता उठून बसतात आणि सारखे ती वही मागतात. सात अकराची ओळ मी खोडलेली नाही, वहीत मी खोडाखोड करत नाही हे तुम्ही जाणताच. तीत 'वन्संच्या सांगण्याप्रमाणे' असे स्पष्ट लिहिलेले आहे, पण तुम्ही त्या सोमवारी अंगारा 'टोचायच्या जागी' लाव म्हणालात की 'कपाळी' लाव म्हणालात, ते मला आता तितकेसे नक्की आठवत नाही. तुम्हांला आठवत असेल. तर आठवून एक चिठ्ठी पुडीसोबत पाठवावी. 'टोचायच्या जागी' म्हणाला असलात तर तसे लिहावे, आणि 'कपाळी' म्हणाला असलात तरीही तसेच लिहावे. एकादशी टाळून लिहा, म्हणजे तुमच्याकडे दोष नको.

पोस्टकार्डावर मात्र लिहू नका. टपाल हल्ली तुमचे बंधूच आधी घेतात.